गेटवरची तपासणी

सोमवार, ६ जानेवारी
शाळेच्या ग्रुपवर मेसेज. दुसरीतल्या एका मुलाला कांजिण्या. दुसरीत! म्हणजे आमच्या चिमणीच्याच वर्गात. चहा बनियनवर सांडला. घाबरलो नाही. कप गरम होता.
संकल्प: लेकीच्या अंगावर एक फोड उठू देणार नाही.

मंगळवार, ७
शुक्रवारी शाळेत लस टोचणार, पालकांची परवानगी असेल तर. मी साफ नाही म्हटलं. एवढासा तो दंड, त्यात सुई! ही म्हणाली, सुई तिला टोचणार आहेत, तुम्हाला नाही. मुद्दा तो नाहीच. (मागे दवाखान्यात सुई बघून आडवा झालो, पण तेव्हा पोट रिकामं होतं.) कारखान्यात सेफ्टी ऑफिसर आहे मी. आजार शिस्तीने अडवायचा असतो, टोचून नाही.

बुधवार, ८
शाळेच्या मोठ्या बाईंना भेटलो. म्हटलं, रोज गेटवर मुलं तपासा. करणार कोण, म्हणाल्या. मी! मला लहानपणीच कांजिण्या होऊन गेल्यात, गालावर खूण आहे. पुन्हा होणं शक्य नाही. बाईंनी कपाळाला हात लावला. याला परवानगी म्हणतात.

गुरुवार, ९
पिवळं जॅकेट, शिट्टी, टॉर्च. प्रत्येकाचा चेहरा, मान, हात. तिघांना परत पाठवलं. एकाला डास चावले होते, एकीच्या गालाला जॅम होता, एक नुसताच संशयास्पद. पालक अंगावर आले. एक आई म्हणाली, आधी स्वतःचं डोकं तपासून घ्या. चांगुलपणाचे दिवसच राहिले नाहीत. चिमणी मागच्या गेटने गेली. लाजाळू आहे.

शुक्रवार, १०
चिमणी दंडाला हात लावू देईना. ही म्हणाली, दप्तराचा पट्टा रुतला असेल. दप्तराच्या ओझ्याबद्दल बाईंशी बोलायलाच हवं.

सोमवार, १३
सापडला! नाकाला नाक लावून टॉर्च मारला, खरेच फोड. पोरगं माझ्या तोंडावर शिंकलं. हरकत नाही. माझ्या होऊन गेल्यात.

रविवार, १९
चिमणीच्या मानेवर लाल ठिपका. ओल्या कापडाने पुसला तर निघाला. स्केचपेन! एकुलती एक पोर हो, काही झालं तर मी काय करू? बाथरूममध्ये जाऊन दार लावून घेतलं. डोळ्यांत साबण गेला होता.

शुक्रवार, २४
अंग मोडून आलंय, कणकण आहे. गेटवरची थंडी बाधली. तरी उभा राहिलो. ड्यूटी म्हणजे ड्यूटी.

सोमवार, २७
छातीवर फोड. घामोळं असणार. ही म्हणाली, जानेवारीत?
आईला फोन केला. मला झाल्या होत्या ना गं कांजिण्या? अरे, त्या तुझ्या थोरल्या भावाला झाल्या, तुला मामाकडे धाडलं होतं. मग गालावरची खूण? सायकलवरून तोंडावर आपटला होतास.
चिमणी! काल ती माझ्या कुशीत झोपली होती. मी ओरडलोच. तेव्हा हिने सांगितलं, त्या दहा तारखेच्या शुक्रवारीच शाळेत लस टोचून घेतली, तुम्हाला न विचारता. हिचे पाय धरायला धावलो. लांब राहा म्हणाली.

मंगळवार, २८
मागच्या खोलीत. शाळेचा मेसेज आला: गेटवर तपासणी करणाऱ्या पालकांना कांजिण्या झाल्या आहेत, लस राहिलेल्या मुलांनी ताबडतोब डॉक्टरांना भेटावं. खाली अठ्ठावीस जणांचे हसऱ्या चेहऱ्याचे इमोजी, बाकीच्यांचे रागीट.
दुपारी चिमणी दारात. माझं जॅकेट तिच्या घोट्यापर्यंत, गळ्यात शिट्टी. लांबूनच टॉर्च मारला आणि म्हणाली, आत सोडता येणार नाही, परत जा. नियमाने बरोबर आहे. मागे सरलो.
विचारलं, सुई टोचताना रडलीस का गं? नाही म्हणाली. मग बाबाला सांगितलं का नाहीस? तर म्हणे, आईने सांगितलं होतं, बाबाला कळू द्यायचं नाही, तो फार घाबरतो.
घाबरतो म्हणे!
डोळ्यांत पुन्हा साबण गेला. या खोलीत साबण नाही.