दोन इलेक्ट्रॉन आणि ताईची पाठ

ताईस वाकून नमस्कार. (समोर असतीस तर पाय मागे घेतले असतेस, म्हणून पत्रातच उरकते.)

“हिला काही द्यायला जावं, तर ही आणखी पाठ फिरवते,” असं आई एकदा तुझ्याबद्दल म्हणाली होती. तिने तुला आणलेला नवा स्वेटर तू मला देऊन टाकलास तेव्हा. ते वाक्य परवा प्रयोगशाळेत आठवलं. जिन्यात पडून मोडलेल्या मनगटाचं प्लास्टर निघालं का? ‘मी ठीक आहे’ एवढंच लिहिणार असशील तर शाई वाचव.

इथे मी एका रेणूवर पगार खाते आहे. बेंझिनसारख्या कड्यांचे दोन सपाट तुकडे, मधे एका घट्ट बंधाने जोडलेले. पण दाटी इतकी की कोपराला कोपर लागतं, म्हणून दोघे जरा तिरके. (आपण एका पलंगावर झोपायचो तसे.) आमचे सर, ज्यांना सगळे ‘ओळंबा’ म्हणतात कारण त्यांना भिंतीवरचं कॅलेंडरही तिरकं सोसत नाही, म्हणाले की दोन इलेक्ट्रॉन जास्तीचे दिले की हा निमूट सपाट होईल. मी म्हटलं, होणार नाही. त्यावरून अबोला.

इलेक्ट्रॉन देतं पोटॅशियम, तेही बंद काचेच्या पेटीत, कारण हवा लागली की सगळं वाया. पेटीलाच जोडलेल्या रबरी हातमोज्यांत कोपरापर्यंत हात घालून बसायचं. पिवळं द्रावण गर्द निळं झालं, पुढे त्यात स्फटिक धरले, एक मी चिमट्यात उचलला आणि माझं नाक खाजू लागलं. हात काढता येईनात. खोलीत फक्त ओळंबा. माझे वेडेवाकडे चेहरे पाहून म्हणाले, “कुठे?” “डावीकडे.” “तुमच्या की माझ्या?” शेवटी पेनाच्या टोपणाने त्यांनी माझं नाक खाजवलं आणि अबोला मिटला. (ही मदत तुलाही नाकारता आली नसती.)

मग क्ष-किरणांनी पाहिलं, तर रेणू सपाट सोडाच, आधीपेक्षा कितीतरी जास्त वळलेला. ओळंबा कॅलेंडर सरळ करून आले आणि म्हणाले, “कृतघ्न आहे.” तसं नाही गं. इलेक्ट्रॉन मिळाले की मधला बंध सैल होतो, मग दोघांना ऐसपैस वळता येतं. तुटत मात्र नाहीत. आईने तुझ्यात पाहिलं ते बरोबरच होतं, त्यामागचं कारण तेवढं तिने चुकीचं धरलं.

तुझीच,
पलंगाच्या भिंतीकडची

ता. क. मी नवा पलंग घेतलाय, रुंद. सेलमध्ये होता म्हणून, दुसरं काही नाही.

आणखी एक ता. क. सेल नव्हता. माझं घर तळमजल्यावर आहे, जिना नाही. राहायला ये. माझ्याकडे पाठ करून झोप हवं तर. नाही म्हणशील, ठाऊक आहे. फक्त ते पत्राने कळवू नकोस, इथे येऊन म्हण.