बोटभर रिकामी जागा

प्रिय दादा,

आई काल घरी आली. पाठीच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी बजावलं होतं, महिनाभर एकही हिसका बसता कामा नये. आणि आपल्या आईसाहेबांचा हट्ट, घरी येईन तर ह्यांच्याच मोटारीतून! बाबांच्या तरुणपणीची ती मोटार आणि इस्पितळापासूनचा तो दगडी रस्ता.

परवा सकाळी गॅरेजमध्ये तू करायचास तशीच परीक्षा घेतली. एकेक कोपरा अंगाचा भार टाकून दाबायचा, सोडायचा आणि मोटार किती वेळा डुलते ते मोजायचं; एकदाच वर येऊन थांबली तर ठीक. मागचा डावा चार वेळा डुलला. पुढचा उजवा दोनदा, पण आई मागे बसणार म्हणून तो तसाच ठेवला. त्या डाव्या चाकाचे हिसके जिरवणाऱ्या शॉकअब्सॉर्बरचा दांडा सोडवून हाताने हलवून पाहिला, तर अर्ध्या वाटेपर्यंत ढिला आणि मग अडकल्यासारखा. आतलं तेल कमी झालं होतं. मी घाईघाईत काठोकाठ भरलं, झाकण फिरवायला घेतलं आणि हात थांबला. तुझं बोट आठवलं. तेल तापलं की फुगतं पक्कडबाई, त्याला बोटभर जागा ठेवायची, असं तू मला शिकवलं होतंस. जास्तीचं तेल काढलं आणि मगच झाकण लावलं.

ते तू शिकवलंस घर सोडून निघालास त्या सकाळी, नाही का? त्याच्या दोन दिवस आधी तू जेवायला गेला असताना, दुरुस्तीला आलेल्या वकिलांच्या मोटारीचे चारही शॉकअब्सॉर्बर मीच हौसेने काठोकाठ भरले होते. दोन दिवसांत वॉशर फाटून तेल चाकांवर गळत मोटार परत आली. बाबांचा पारा चढला आणि तू शांतपणे म्हणालास, मी भरलं. ज्याला बोटभर धीर नाही त्याने गॅरेजात पाऊल टाकू नये, असं बाबा म्हणाले. तू छापखान्यात नोकरीला गेलास, गॅरेज माझ्याकडे आलं. मी मात्र तोंडाला कुलूप लावून बसले. आधी भीतीने, मग सवयीने. बावीस वर्षं, दादा. माझ्या हातातलं प्रत्येक काम तुझं देणं आहे आणि मी तुझे साधे आभारही मानले नाहीत.

काल त्या दगडी रस्त्यावर आई मागच्या सीटवर चक्क घोरत होती. घरी आल्यावर बाबांनी काठी बाजूला ठेवून मागचा डावा कोपरा दाबून पाहिला. एकदा वर आला आणि थांबला; खाली तेलाचा थेंबही नव्हता. तेलाला जागा ठेवायला कुणी शिकवलं, असं त्यांनी विचारलं. मग मी सगळं सांगून टाकलं. बाबांनी तो कोपरा पुन्हा एकदा दाबून पाहिला. मी पुढच्या उजव्याकडे पाना घेऊन वळले, तर ओरडलेच माझ्यावर.

पत्र माझं असलं, तरी निरोप त्यांचा आहे. पुढच्या उजव्याला कुणी हात लावायचा नाही, तो दादाने येऊन करायचा.

तुझीच,
पक्कड