चांदणी दाबलेली पानं

अहो,

टेकडीवरच्या जनरेटरच्या कामाला निघालात, आणि दुरुस्तीच्या पानांवर नुसती बुकमार्कची चांदणी दाबून ठेवलीत! तिथे रेंज नाही, एकही पान उघडलं नसतं. पहाटेपासून बसून मी एकेक पान लॅपटॉपवर सेव्ह केलंय. वायफाय बंद करून उघडून बघा. चार्जर बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात आहे.

चांदणीवालं शेवटचं पान आपल्याच गावातल्या भाड्याच्या खोलीचं निघालं. एकट्या माणसासाठी. तुम्हाला उठवायला दोनदा आत आले आणि तशीच परत फिरले. तेही सेव्ह केलंय, तिकडे तुमचं अडायला नको.

माझी ड्यूटी संध्याकाळी सहाला संपते, तुमची गाडी साडेसातची. मी आल्याशिवाय निघालात तर बघा.