घेवडा बाहेर लावण्याची घाई

स्टोनलो, डर्बीशायर
२२ मार्च १९८१

प्रिय एनिड,
धाकटीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि त्यातला, तुझ्या घरी माझ्यासाठी ठेवलेल्या खोलीचा नकाशा, दोन्ही मिळालं. नकाशा इतका बारकाईनं काढला आहेस की उशी कुठे ठेवायची तेही कळतं. पण एवढ्यात येत नाही, रागावू नकोस.

सिड जाऊन काल नऊ आठवडे झाले. गेल्या सोमवारी मिस्टर वॉर्डल घरी आले होते. सिडच्या भाजीच्या तुकड्याला लागूनच त्यांचा तुकडा, आणि मळेकऱ्यांच्या समितीचे चिटणीसही तेच. आत या म्हटलं तरी दारातच उभे राहिले. म्हणाले, मिसेस हॅलम, जमीन नगरपालिकेची, तुकडा सिडच्या नावावर होता, आणि यादीत अकरा जण वाट बघत बसलेत. पण बायकोला हवा असेल तर तिला एक संधी द्यायची असा आमचा नियम आहे. सोळा मेला पाहणी होईल. त्या दिवशी चारातले तीन हिस्से जमीन लागवडीखाली दिसली तर तुकडा तुमचा, नाही तर यादीतल्या पहिल्या माणसाचा. मी लगेच हो म्हणाले. ते नकार घ्यायलाच आले होते बहुतेक, कारण निघायला वळलेलेच होते, ते परत फिरले.

तुला ठाऊकच आहे, एकतीस वर्षांत मी तिथल्या खोपटाच्या पुढे गेले नाही. चहाचा थर्मास द्यायचा, भाजी घ्यायची, परत फिरायचं. बायकांनी खणू नये असं कुठे लिहिलेलं नव्हतं, पण कुणी खणतही नव्हती. काल पहिल्यांदा फावडं घेऊन उतरले. वरची चार बोटं माती गोठलेली. फावडं मारलं की खण्ण आवाज. दुपारी ऊन पडलं म्हणून कोट काढला, तर तासाभरात गारा. अंगात कोट घालण्या-काढण्यातच निम्मा दिवस गेला.

तू विचारशील, हा हट्ट कशाला. लग्नापर्यंत काय करायचं ते तू सांगितलंस, नंतर सिडनं सांगितलं. दोघांनीही चांगलंच सांगितलंत, माझी तक्रार नाही. पण ही एक गोष्ट मी आपणहून मागितली आहे आणि मला ती मिळवायची आहे. सोळा मेला हरले तर सतराला घर आवरायला घेईन आणि तुझ्याकडे येईन, कायमची. हे वचन समज.

लोभ राहू दे. उपदेश जरा कमी झाला तरी चालेल.

तुझी,
म्यूरियल


पेन्झन्स, कॉर्नवॉल
२८ मार्च १९८१

चि. म्यूरियल हिस,
अनेक आशीर्वाद, आणि एक धपाटा.

सहासष्टाव्या वर्षी फावडं! परवा शेजारच्या मिसेस ट्रेगिअरना सांगितलं तर त्या म्हणाल्या की तुमच्या बहिणीचं डोकं ठिकाणावर आहे ना. मी म्हटलं, लहानपणापासून नाही.

इथे माझ्या अंगणातले बटाटे वीतभर वर आलेत. फेब्रुवारीतच लावले होते. इथे दव गोठत नाही, पाइप फुटत नाहीत, माणसाची हाडंही कुरकुरत नाहीत. तुझ्या खोलीला निळा कागद लावून घेतला. कागद लावणाऱ्यानं विचारलं, कोण येणार आहे? मी म्हटलं, बहीण. कधी? मी म्हटलं, लवकरच. आता त्याला तोंड कसं दाखवू ते तूच सांग.

आमच्या जेफचं नाताळचं कार्ड फेब्रुवारीच्या अखेरीस पोचलं. कॅनडातलं टपाल म्हणजे विचारूच नकोस. सून बरी आहे म्हणे. बाकी इथे विशेष काही नाही. रविवारी चर्च, गुरुवारी वाचनालय, मधले दिवस असेच.

खणताना कमरेत वाकू नकोस, गुडघ्यात वाक. हा उपदेश नाही, सूचना आहे.

कोट अंगावर ठेव आणि लोभही.

तुझी,
एनिड


स्टोनलो
२७ एप्रिल १९८१

प्रिय एनिड,
सा. न. वि. वि. लिहायला उशीर झाला, कारण हात सरळ होत नाहीत.

गुड फ्रायडेला सगळ्या मळ्यानं बटाटे लावले. तुला आठवत असेल, ईस्टर मार्चात येवो नाही तर एप्रिलच्या शेवटाला, आपल्याकडे बटाटा गुड फ्रायडेलाच जमिनीत जातो. बटाट्याला कुणी विचारत नाही. मी गेले तेव्हा तेवीस पुरुष वाकलेले होते, ते सगळे एकदम ताठ झाले. कुणी हसलं नाही, ते जास्त लागलं. मग वॉर्डलनी सरी सरळ यावी म्हणून लावायची दोरी माझ्याकडे फेकली, आणि सगळे पुन्हा वाकले. चार सऱ्या लावल्या. तिसरी जरा वाकडी आहे.

कांदे पाखरं रोज सकाळी उपटून ठेवतात, मी रोज सकाळी पुन्हा खोचते. रात्री थंडीसाठी मटारावर बैठकीच्या खोलीतले जुने पडदे टाकते. सिडनं खोपटात काय काय जमवून ठेवलं आहे म्हणून सांगू! मोज्यांत बांधलेलं बी, दांडा नसलेले कप, माझी हरवलेली कात्री. कात्री हातात घेऊन मी तिथेच बसून रडले. आधी त्याच्यावर चिडले, मग रडले.

आणि शनिवारी बर्फ! एप्रिलच्या पंचवीस तारखेला गुडघाभर. मी झाडू घेऊन धावत गेले, तर वॉर्डल लांबूनच ओरडले की बाई, राहू द्या ते, खाली बटाटे तुमच्या-माझ्यापेक्षा उबेत आहेत. काल वितळलं. उकरून पाहिलं, कोंब पांढरेशुभ्र, धडधाकट.

आता खरी अडचण. बटाटे, कांदे, मटार, कोबी धरून निम्म्याहून थोडं जास्त भरतं. घेवड्याचा लांब वाफा भरला तरच तीन हिस्से होतात. घेवड्याची छत्तीस रोपं निजायच्या खोलीच्या खिडकीत कागदी पेल्यांत उभी आहेत, चांगली टरारलेली. वॉर्डल म्हणतात, जून उजाडेपर्यंत बाहेर काढू नका. मग सोळा मेचं काय, असं विचारलं तर म्हणाले, मी चिटणीस, पाहणीबद्दल मी तोंड उघडणार नाही. वेल चढवायला रोवलेल्या नुसत्या काठ्या तर मोजत नाहीत.

बाबा गेले तेव्हा मी सहा वर्षांची होते, मला काही आठवत नाही. तू त्यांच्या मागे मागे मळ्यात असायचीस. ते घेवडा कधी बाहेर लावायचे? तू सांगशील तसं करते.

लोभ आहेच, या वेळी उपदेशही पाठव.

तुझी,
म्यूरियल


पेन्झन्स
१ मे १९८१

चि. म्यूरियल हिस,
अ. आ.

लावून टाक. बाबा मेच्या पहिल्या आठवड्यातच लावायचे, मला लख्ख आठवतं. बर्फ पडून गेला, आता थंडीनं हात टेकले. त्या वॉर्डलचं काय ऐकतेस! असली माणसं जन्मभर थांबा थांबाच म्हणतात.

टपाल निघायच्या आत पेटीत टाकायचं आहे म्हणून एवढंच.

तुझी,
एनिड


स्टोनलो
१३ मे १९८१

प्रिय एनिड,
सा. न.

शुक्रवारी आठ तारखेला छत्तीसही रोपं लावली. प्रत्येक काठीशी एक. चार दिवस इतकी छान दिसत होती की पलीकडच्या रांगेतले म्हातारे मुद्दाम माझ्या वाटेनं घरी जायचे. सोमवारी संध्याकाळी ढग होते, आणि ढग असले की दव गोठत नाही, म्हणून पडदे टाकले नाहीत. रात्रीत आभाळ मोकळं झालं. मंगळवारी सकाळी गवत पांढरं, आणि घेवडा उकडलेल्या पालकासारखा काळा, काठ्यांना चिकटलेला. छत्तीसच्या छत्तीस.

वॉर्डल कुंपणाशी आले, बघितलं, आणि टोपी सारखी करून आपल्या तुकड्याकडे गेले. रागावले असते तर बरं झालं असतं.

तुझा काही दोष नाही. लावली मी. आता तीन दिवसांत काय होणार? पलंगावर चादर घालून ठेव. घर आवरायला महिना लागेल, जूनच्या मध्यावर येईन. सिडचं कपाट मात्र मी बरोबर आणणार, जागा करून ठेव.

तुझी,
म्यूरियल


पेन्झन्स
१५ मे १९८१

म्यूरियल,

आज आशीर्वाद द्यायचा मला हक्क नाही, म्हणून लिहीत नाही.

बाबांनी मेमध्ये घेवडा कधीच बाहेर लावला नाही. मे संपेपर्यंत रोपं अंगणातसुद्धा नेऊ देत नसत. एका वर्षी मी हौसेनं नेली, मेच्या मध्यावर, तर रात्रीत गेली, आणि बाबा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. हे मला लख्ख आठवत होतं. आठवत असताना मी ते पत्र लिहिलं. पेटीत टाकताना हात थांबला होता, तरी टाकलं.

मला तू हरायला हवी होतीस. तुझा सिड आता गेला, माझा ऑलिव्हर जाऊन सात वर्षं झाली. जेफ येणार नाही, हे त्याला कळण्याआधी मला कळलं. गुरुवारी वाचनालयात जाते ती पुस्तकांसाठी नाही, तिथली मुलगी नाव घेऊन हाक मारते म्हणून. तुला हे सरळ लिहायची लाज वाटली, आणि खोटं लिहायची वाटली नाही. मोठी बहीण म्हणवते.

काल तुझं पत्र आलं आणि मी चादर काढायला कपाट उघडलं. आनंद होईल असं वाटलं होतं. झाला नाही. तू माझ्याकडे येशील, रोज समोर बसून चहा घेशील, आणि मी काय केलं ते तुला कळणार नाही. ते मला जमायचं नाही. हे पत्र पोचेपर्यंत पाहणी होऊन गेलेली असेल. वॉर्डलना हे दाखव आणि चूक माझी म्हणून सांग. ते ऐकतील का?

यायचं की नाही ते आता तू ठरव. लोभाचं तर मागूच शकत नाही.

एनिड


स्टोनलो
१९ मे १९८१

प्रिय एनिड,
सा. न. वि. वि. नमस्कार मी करते आहे, तेव्हा आशीर्वाद तुला द्यावाच लागेल.

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाचून इतकी संतापले की किटली जळाली. दुसऱ्यांदा रडू आलं. तिसऱ्यांदा वाचलं तेव्हा माझीच लाज वाटली. का ते ऐक.

मेमध्ये इथे घेवडा जगत नाही, हे या गावातलं शेंबडं पोरही सांगेल. एकतीस वर्षं सिड माझ्यासमोर जेवताना हेच बडबडत होता. तुझ्या पत्रावर माझा विश्वास बसलाच नाही, एनिड. मला ते पत्र हवं होतं. मी दमले होते. इथे राहायचं की तुझ्याकडे यायचं, याचा निर्णय थंडीनं घ्यावा आणि बोल तुझ्यावर यावा, असं माझ्या मनात होतं. तू मला हरवायला निघालीस, आणि मी हरायला तयार होऊन बसले होते. दोघी सारख्याच.

मंगळवारी ते काळं पडलेलं बघितलं तेव्हा वाटलं होतं, सुटले. सुटल्यासारखं काही वाटलं नाही. बुधवारी तुला पत्र टाकलं आणि पेटीपासून घराकडे न वळता मळ्यात गेले. मोज्यातलं घेवड्याचं बी काढलं आणि प्रत्येक काठीशी दोन-दोन दाणे खोचले. पाहणी वगैरे डोक्यात नव्हतं. वाफा रिकामा बघवेना, एवढंच.

शनिवारी वॉर्डल आणि आणखी दोघं वही घेऊन आले. माझ्या तिसऱ्या सरीकडे बघून एक जण खोकला. घेवड्याशी येऊन वॉर्डलनी विचारलं, बाहेर काढायला कुणी सांगितलं होतं? मी म्हटलं, कुणी नाही, माझीच घाई. ते खाली बसले, काठीशी बोट घातलं, फुगलेला दाणा वर काढला, बघितला आणि परत पुरला. मग उठून वहीत काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, चार दिवसांपूर्वी हे गेलं, आणि तुम्ही पुन्हा पेरलंत. आमच्यातले निम्मे खोपटात जाऊन बसले असते. तुकडा माझा आहे, एनिड. माझ्या नावाचा.

आता एक बाकी. एकट्या माणसाच्या तुकड्याला दुसरं नाव लागतं, आजारपणात पाणी घालायला. वॉर्डलनी विचारलं, कुणाचं घालू? मी तुझं सांगितलं. वॉर्डल म्हणाले, पेन्झन्सहून पाणी घालायला येणार का त्या? मी म्हटलं, गाडी दोन्हीकडून धावते. सही जूनच्या अखेरीपर्यंत समोर येऊन करावी लागते. हिवाळ्यात मी तुझ्याकडे येईन, इथे तसंही तेव्हा काही करायचं नसतं. पण मार्च ते ऑक्टोबर तू इथे. गुडघ्यात कसं वाकायचं ते दाखवायला तरी ये.

तुझं पत्र मी वॉर्डलना दाखवलं नाही आणि दाखवणार नाही. पण तुला एक सांगून ठेवते. एकटी पडले आहे, ये, असं तू त्याच पत्रात सरळ लिहिलं असतंस तर मी फावडं तिथेच टाकून आले असते, आणि मरेपर्यंत तुझ्यावर मनातल्या मनात चिडत राहिले असते. खोटं बोललीस तेच बरं झालं.

पुन्हा बोलू नकोस मात्र. लोभ मागायला लाजतेस म्हणून मीच आपणहून पाठवते आहे.

तुझी,
म्यूरियल