कोमट पाण्यातली पोटली

२ डिसें. ९६, सोम.
शिडीवरून पडल्यापासून ह्यांच्या उजव्या हाताची बोटं आखडलीत. प्लास्टर निघालं तरी कात्री धरवत नाही. ती कपाटावर पडून. शिंपीकामाच्या दुकानात नुसते जाऊन बसतात, दुपारच्या जोहरच्या अजानीआधी घरी. दुकानाचा ओमानी मालक, अर्बाब, आज इथे हमरियात घरी येऊन हात बघून गेला. माणूस वाईट नाही. पण म्हणाला, रमजानआधी हात चालला पाहिजे, ईदचे लांब झगे, दिशदाशा, कोण कापणार? नाहीतर व्हिसा कॅन्सल, खलास. हे मान हलवत बसले. मला भीती वाटते. दापोलीला परत जाऊन करायचं काय?

४, बुध.
शेजारचे सलीमभाई आमच्याच दापोलीकडचे. म्हणाले, "इब्राच्या पुढं गरम पाण्याचा झरा हाय, भाभी. आपलं उन्हवरे समजा." झालं, मी लगेच तांदूळ काढले. उन्हवऱ्याच्या कुंडात पोटली सोडली की भात शिजतो, लहानपणी किती खाल्लाय. हे म्हणतात, "औषधाला चाललोय का सहलीला गो?" दोन्हीला, म्हटलं.

६, शुक्र.
पहाटे फजरनंतर सलीमभाईंच्या गाडीतून. इब्रा मागे पडलं, मग चढ. वर सगळा दगडी माळ, सावलीला झुडूपही नाही, आणि मध्येच थोडी खजुरीची झाडं नि पाणी. फडक्यात तांदूळ घट्ट बांधून सोडले. बसलो. बसलो. पाणी जेमतेम कोमट, बाळाला न्हाऊ घालावं तसं. तांदूळ भिजले फक्त. तिथला म्हातारा ओमानी पोटली बघून हसून बेजार. मग ह्यांचा हात धरून पाण्यात ठेवला, "शुवय शुवय." हळूहळू.
हे कोपरापर्यंत हात बुडवून कितीतरी वेळ बसले. उन्हवऱ्याच्या कढत पाण्यात एवढं बसवलंच नसतं. मी पोटली काढली तर गाठ ओली होऊन अशी बसलेली, दातांनीही सुटेना. "आण इकडं," म्हणाले. वैतागून घेतली, सोडली. उजव्या हाताने. बघत होते तांदळाकडे, हाताकडे नाही. डोळे भरले, तर म्हटलं ऊन लागतंय.

७, शनि.
त्याच तांदळाचे घावन केले. सकाळी बोटं पुन्हा जराशी आखडलेली, विचारायचं धाडस झालं नाही. टोपात कोमट पाणी ठेवलं. आपणहून हात बुडवून बसले, चहा डाव्या हाताने. निघताना कपाटावर हात घातला आणि कात्री पिशवीत टाकून घेऊन गेले.
जोहरची अजान होऊन गेली. जेवण झाकून ठेवलंय. अजून आले नाहीत.