गुरुवारचा फोटो

५ मार्च, बुधवार

आजपासून उपवासकाळ. यांनी चहा सोडला आणि फोन धरला! ईस्टरपर्यंत रोज एक फोटो, खाली चिंतन. सकाळी सहाला स्टेटसवर आणि चर्चच्या मंडळीच्या ग्रुपवर. शाळेतून रिटायर झाल्यापासून यांना असं काहीतरी लागतंच. आज राखेचा बुधवार, म्हणून फोटोही राखेचा. राख माझ्या बंबातली, हातही माझाच. "बेबी, हलू नको." हलले नाही. पाळकसाहेबांनी "आमेन" लिहिलं, यांचा दिवस चांगला गेला.

८ मार्च, शनिवार

प्रभूने चाळीस दिवस उपवास केला ते वाळवंट फोटोला हवं होतं. अमरावतीत कुठून आणणार? वलगावला माझ्या भावाकडे, कुलदीपकडे गेलो. पेढी नदी कोरडीच आहे. हे वाळूत गुडघे टेकून फोटो काढत होते. कुलदीप म्हणाला, "भाऊजी, काही हरवलं का तुमचं?"

यांना हसू आलं नाही. मला आलं.

११ मार्च, मंगळवार

चिंतन — 'क्षमा'. पाच वेळा खोडलं, सहाव्यांदा छान जमलं.

मला वाटायचं, हे लोकांचे "आमेन" मोजत बसतात. तसं नाही. स्टेटस कोणी पाहिलं त्यात एकच नाव शोधतात. आमच्या लेकीचं. करिश्माने पाहिलं होतं. लिहिलं काही नाही.

१४ मार्च, शुक्रवार

बाहेर रंग चाललाय, दार लावून बसलोय. बसल्या बसल्या लेकीचं लग्नच आठवतंय.

करिश्मा आमची एकुलती. दोन वर्षं झाली, या घरात आलेली नाही. अकोल्याला दिली — दिली कसली, तिनेच ठरवलं. स्वानंद गुणी मुलगा, मोरोपंत वकिलांचा. आमच्या चर्चमध्ये आशीर्वाद झाला तोवर सगळं ठीक. मग अकोल्याला त्यांच्या रीतीने लग्न. तिथे ताम्हण पुढे आलं. मुलीच्या बापाने जावयाचे पाय धुवायचे. हे उभेच! "आमच्यात माणसाचे पाय पुजत नाहीत." सगळा मांडव ऐकत होता. शेवटी कुलदीप खाली बसला आणि त्याने धुतले. विहीणबाई मला जेवायचा आग्रह करत होत्या, आणि करिश्मा आपल्या बापाकडे बघत होती. तसं तिने यांच्याकडे कधी पाहिलं नव्हतं.

फोन करते ती, मला. "पप्पा बरे आहेत ना?" एवढंच.

हे म्हणतात, माझं चुकलं नाही. मी वाद घालत नाही. दवाखान्यात जन्मभर रोग्यांचे पाय पुसले मी. त्यात पूजा कुठे आली, मला अजून कळलेलं नाही.

३० मार्च, रविवार

करिश्माने गुढीचा फोटो पाठवला, शेजारी ती उभी. यांनी माझा फोन घेऊन मोठा करून पाहिला.

"बारीक झाली."

६ एप्रिल, रविवार

काट्यांचा मुगूट. कुलदीपने बाभळीची फांदी आणून दिली. हे वळायला बसले आणि बोटं रक्तबंबाळ! पट्टी बांधताना म्हणाले, "प्रभूले किती लागलं असन." चिंतन लिहिलं नाही, नुसता फोटो टाकला. मला आजवरच्या सगळ्यांत तोच आवडला.

१२ एप्रिल, शनिवार

येत्या गुरुवारचं चिंतन आजच लिहून झालं. शेवटच्या भोजनाचा गुरुवार. प्रभूने कमरेला रुमाल बांधला, शिष्यांचे पाय धुतले — योहानाच्या शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय. वाचून दाखवलं. सुंदर लिहिलंय. यांनी कागद खाली ठेवला. मग पंख्याकडे बघत म्हणाले, "फोटोले पाय कोणाचे घ्यावं?"

"स्वानंदचे."

वाटलं, आता ओरडतात. ओरडले नाहीत.

"येईन का तो?"

"विचारते."

लगेच फोन लावला. करिश्मा म्हणाली, "विचारून सांगते."

१६ एप्रिल, बुधवार

दुपारी आले दोघं. करिश्मा दारात थोडी थांबली, मग थेट स्वयंपाकघरात. वांग्याचा वास घेऊन म्हणाली, "मम्मी, तसंच करतेस अजून." मला इतकं बरं वाटलं!

हे तयारच होते. कमरेला पांढरा टॉवेल, पितळी परात, कोमट पाणी, खिडकीशी खुर्ची. फोन माझ्या हातात. "चेहरा नको येऊ देऊ. हात अन् पाय." स्वानंदने मोजे काढले, पाय परातीत ठेवले. हे खाली बसले. गुडघे दुखतात, तरी बसले. पाण्यात हात घातला आणि मान वर केली. "थांब बेबी, उजेड येऊ दे. स्वानंद, डावा जरा पुढे घे."

स्वानंदने दोन्ही पाय उचलून घेतले.

"पप्पा, फोटोसाठी नका धुऊ."

"अरे, फोटोसाठी नाही —"

"मग फोन ठेवू द्या मम्मींना."

यांनी माझ्या हातातल्या फोनकडे पाहिलं. "सकायी सहाले टाकायचं असते न बापा."

हेच सुचलं या माणसाला! करिश्माने वाकून नवऱ्याचे मोजे उचलले आणि त्याच्या हातात दिले. भाकरी तव्यावर होती. न जेवता गेले. मला रडू आलं नाही, राग आला, आणि तो मी बोलून दाखवला.

१७ एप्रिल, गुरुवार

सहाला फोटो गेला. रिकामी खुर्ची, पुढे परात, कालचंच पाणी. आजवरचे सगळ्यांत जास्त "आमेन"! पाळकसाहेबांनी लिहिलं, "किती खोल!" यांनी फोन पालथा घातला.

करिश्माने पाहिलेलं नाही. पाणी मी मोगऱ्याला घातलं.

१८ एप्रिल, उत्तम शुक्रवार

गुड फ्रायडेची तीन तासांची उपासना. हे नेहमी पुढे बसतात, आज मागच्या बाकावर. स्टेटस नाही, चिंतन नाही. ग्रुपवर विचारणा सुरू — "जीवन सर, तब्येत बरी आहे ना?" बरी आहे, असं मीच लिहिलं.

१९ एप्रिल, शनिवार

उठले तर हे घरात नाहीत. दोरीवरचा पांढरा टॉवेल नाही. फोन टेबलावर, चार्जिंगला.

दहाच्या सुमारास करिश्माचा फोन. "मम्मी, पप्पा आलेत इथं. माझ्या सासऱ्यांजवळ परात मागून राहिले. फोन घरीच विसरले का गं?"

विसरले नाहीत, म्हटलं.