पहिल्या पंगतीचा मानकरी

२ ऑक्टोबर १९९५
आजपासून रोजनिशी. गोदीतली नोकरी संपली, मुलुंडचा ब्लॉक आणि सोसायटीचं सेक्रेटरीपद मागे टाकलं, आणि आम्ही दोघं वरकुट्यात कायमचे राहायला आलो. संकल्प: चैत्रात बिरोबाची जत्रा असते, तोवर पक्का गावकरी व्हायचं. जत्रेत फेटा, नारळ आणि पहिल्या पंगतीत जागा. सहा महिने भरपूर झाले. मुलुंडला मी पाण्याच्या टाकीचा प्रश्न एका मीटिंगमध्ये सोडवला होता. (ही म्हणते, टाकी अजून गळते. हिला नको ते लक्षात राहतं.)

घर रविराजचं. ऑफिसात माझ्या हाताखाली होता. ‘करनिकसायेब, गाव तुमाला डोक्यावर घेईल,’ म्हणून त्यानंच गळ घातली आणि स्वतः आमच्या ब्लॉकमध्ये मुलुंडला जाऊन राहिला. डोक्यावर घेणारं गाव हा का सोडतोय, हे विचारायचं मला टेम्पो रिकामा झाल्यावर सुचलं.

१७ ऑक्टोबर
पहाटे मॉर्निंग वॉक सुरू. ओळखी वाढतील, पोट कमी होईल.

१८ ऑक्टोबर
वॉक झाला नाही. मोटरसायकलवाल्यानं ‘बसा सायेब’ म्हणून बसवलं आणि इंदापूरच्या स्टँडवर सोडलं. मला कुठंच जायचं नव्हतं, पण इतक्या प्रेमानं बसवलं, नाही कसं म्हणणार?

२१ ऑक्टोबर
आज जीप. पुन्हा स्टँड.

२५ ऑक्टोबर
उसाचा ट्रॅक्टर. स्टँड. प्रत्येक जण मला स्टँडवरच का सोडतो, कळत नाही. कंडक्टर ओळखायला लागला आहे. ही जनसंपर्काची सुरुवात समजायला हरकत नाही. वॉक बंद, अंगणात शतपावली सुरू.

९ नोव्हेंबर
माणूस जोडायचा तर भाषा जोडावी. शेजारचे रामहरीतात्या, पूर्वी घरात मेंढरं, आता ऊस, बोलायला मोकळे. त्यांच्याकडे गेलो आणि आवाज चढवून म्हणालो, ‘म्या आलो हाय बगा.’ तात्या ताडकन उठले, खुर्ची पुसली आणि म्हणाले, ‘यावं, बसावं. आपण चहा घेणार का?’ पुण्याच्या रेडिओवरसुद्धा इतकं शुद्ध ऐकलं नव्हतं. चहा कपबशीतून आला. तात्या स्वतः पितळीतून पीत होते.

परत निघालो तर कुंपणापलीकडून तात्यांची बायको शकुबाई हिला ओरडून विचारत होती, ‘वैनी, दळाण टाकाय चाललीया, तुमचं हाय का न्हाय?’ हिच्याशी खरी भाषा, माझ्याशी रेडिओ. नोंद करून ठेवतो.

३ डिसेंबर
कुत्रा पाळला. नाव मेजर. रोज दुधात पोळी कुस्करून घालतो. गावात ज्याला कुत्रा ओळखतो त्यालाच घर आहे असं मानतात. (मीच काढलेला निष्कर्ष.)

२० डिसेंबर
मेजर जेवायला आमच्याकडे, राखणीला तात्यांकडे. काल तात्यांच्या फाटकाशी गेलो तर माझ्यावर भुंकला. सकाळची पोळी त्याच्या मिशीला होती. इतका दगाबाज प्राणी मी गोदीतसुद्धा पाहिला नाही.

१४ जानेवारी १९९६
संक्रांत. ही वाण लुटायला गेली ती चार तासांनी उगवली. चष्मा कुठे म्हणून विचारलं तर म्हणाली, ‘हितं हाय की.’ हितं! गिरगावात जन्मलेली बाई! मी दोन महिने घोकून जमलं नाही ते हिला तिळगुळाबरोबर फुकट मिळालं. जेवताना बोललो नाही. तिच्या लक्षात आलं नाही, हे जास्त लागलं.

८ फेब्रुवारी
समोरची गोजरबाई नव्वदीची, मोतीबिंदूनं धड दिसत नाही. तरी पावलांवरून हिला ओळखते. मी खाकरलो की विचारते, ‘कोन पावणं म्हणायचं?’ रोज सांगतो. उपयोग नाही.

१० मार्च
देवळात जत्रेची मीटिंग. माझा मोठा विजय. सविस्तर लिहितो.

आधी तात्यांनी माझा अपमान केला. सगळ्यांसमोर म्हणाले, ‘घरटी एक मानूस वाढाय लागतो. पावण्यांस्नी वाढायचं, मग आपुन बसायचं. सायेब, तुमच्या घरची बादली कोन घेनार?’ बादली! रश्श्याची! मी शांतपणे सांगितलं की मुलुंडच्या गणेशोत्सवात मी स्टेजवर बसत असे. बादल्या उचलायला मी इथे आलेलो नाही. माझी अपेक्षा फेटा आणि पहिल्या पंगतीची आहे.

तात्यांनी मान खाली घातली, मग म्हणाले, ‘बरं. तसं करू.’ एका वाक्यात नमले. मुलुंडला याला दोन मीटिंगा लागल्या असत्या.

ही घरी आल्यावर म्हणाली, ‘अहो, त्यांनी तुम्हाला आपल्यात घेतलं होतं.’ मग म्हणाली, आपल्या घरचं माणूस म्हणून मी भाकरी थापायला जाईन. म्हटलं, जा. मान माझा, धूर तुझा. खूप हसलो. एकटाच.

४ एप्रिल
उद्या जत्रेचा तिखटाचा, म्हणजे मटणाच्या जेवणाचा दिवस. झब्बा इस्त्री केला. आरशासमोर टॉवेल गुंडाळून फेटा कसा दिसेल ते पाहिलं. रुबाबदार.

५ एप्रिल, दुपारी
फेटा मिळाला. नारळ मिळाला. पहिल्या पंगतीत पहिलं पान. माझ्या शेजारी अकलूजचे कुणाचे तरी व्याही, त्यांच्या पलीकडे कुर्डुवाडीचे जावई. सगळ्यांना फेटे. सगळे आम्हाला आग्रह करत होते आणि आमच्यापैकी कुणालाच कुणी ओळखत नव्हतं.

रश्श्याची बादली घेऊन समोर कोण यावं? रविराज! सकाळच्या एसटीनं मुलुंडहून आलेला, बनियनवर, घामानं निथळलेला. पोरं त्याला ‘ए रव्या, हिकडं’ म्हणून हाका मारत होती. मला म्हणाला, ‘घ्या सायेब, लाजू नका.’ माझ्या ब्लॉकमध्ये राहणारा माणूस माझ्या गावात मला वाढतो आणि वर लाजू नका म्हणतो. डोळ्यांत पाणी आलं. रस्सा तिखट होता.

मग लाऊडस्पीकर. ‘बारामतीचं पावणं, अकलूजचं पावणं, मुंबईचं पावणं करनिकसायेब, समद्यांनी परसाद घिऊन जावं. शेवटची यस्टी सा वाजता हाय.’

मुंबईचं पावणं. शेवटची एसटी.

चुलीपाशी गेलो. ही बायकांच्या मधोमध, पदर खोचून, हाताला पीठ. म्हटलं, चल घरी. म्हणाली, ‘आमची पंगत अजून बसायची आहे. तुम्ही व्हा पुढं.’ आमची. मेजर तिच्या पायाशी हाडूक चघळत होता. त्यानं मान वर करून पाहिलंसुद्धा नाही.

५ एप्रिल, संध्याकाळी
घराच्या ओट्यावर बसलो आहे. फेटा काढलेला नाही. गाठ कुठे आहे ते सापडत नाही. देवळाकडून गावकऱ्यांच्या पंगतीचा हशा येतो आहे. एसटी गेली.

आत्ता गोजरबाई काठी टेकत आली, हिचा तवा परत द्यायला. ओट्यापाशी थांबली, डोळे बारीक केले. फेटा तेवढा दिसला असावा. म्हणाली, ‘पावणं, यस्टी चुकली जनू? असू द्या. ह्या घरात वैनी हायत, लय मायाळू. इचारा, रातच्याला टेकाय जागा देतील.’

विचारतो, म्हणालो.